बोट ट्रेलरची बेअरिंग्ज: हबात पाणी शिरतं कसं आणि अडवायचं कसं

अमेरिकेत तलावाकाठच्या गावांमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतही आता अठरा-वीस फुटी बोटी दिसू लागल्या आहेत. बोट घेताना इंजिनाची चौकशी कसून होते. ज्या ट्रेलरवर ती बोट हायवेवरून ताशी ६० मैलांनी धावणार, त्याच्या चाकांकडे मात्र फारसं कोणी वाकून बघत नाही. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नाही, डॅशबोर्ड नाही, लाल दिवा नाही. चाकातलं बेअरिंग जळत असलं तरी ओढणाऱ्या गाडीत बसलेल्याला ते कळत नाही. कळतं तेव्हा बहुतेक वेळा आरशात धूर दिसत असतो. क्वचित हबासकट चाकच निखळून बाजूच्या लेनमध्ये जातं, आणि त्या लेनमध्ये दुसऱ्या कोणाचं तरी कुटुंब असतं. म्हणून हे काम नीट समजून घेऊन करायचं.

आधी रचना पाहू. साध्या ट्रेलरच्या प्रत्येक चाकात दोन टेपर रोलर बेअरिंग्ज असतात: आतलं मोठं, बाहेरचं लहान. एक्सलच्या टोकाला स्पिंडल, त्यावर ही दोन बेअरिंग्ज आणि त्यांच्याभोवती फिरणारा हब. हबात घट्ट ठोकून बसवलेली पोलादी कडी म्हणजे रेस. तिच्या उतारावर रोलर धावतात. हबाच्या मागच्या तोंडाला ऑइल सील, पुढच्या तोंडाला टोपी. स्पिंडलवर वॉशर, खाचांचा नट आणि नट फिरू नये म्हणून कॉटर पिन. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात हीच मांडणी असते. भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टरची पुढची चाकं पाण्या-चिखलात बुडतात आणि जाणता शेतकरी त्या दिवसांत हबाकडे जास्त लक्ष देतो. बोटीच्या ट्रेलरचा हब तर प्रत्येक फेरीत दोनदा पाण्यात जातो, आणि तोही तापलेला असताना.

पाणी आत ओढलं जातं

या तापण्यातच सगळी गोम आहे. तासभर हायवेवर चाललेला हब गरम असतो, त्याच्या आतली हवाही गरम असते. रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारावर, ट्रेलर मागे घेतला की हब थंड पाण्यात बुडतो आणि आतली हवा आकसते. समजा आतलं तापमान ६५ अंश सेल्सिअसवरून २० वर आलं. बंद जागेतल्या हवेचा दाब अशा वेळी साधारण १३ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे जवळजवळ २ पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड). त्यात अर्धा मीटर पाण्याचा स्वतःचा पाऊण पीएसआय मिळवा. एवढ्या ओढीने पाणी सीलच्या ओठाखालून, म्हणजे स्पिंडलला घासणाऱ्या त्याच्या कडेखालून, आत येतं. सील थोडं झिजलेलं असेल किंवा स्पिंडलवर त्याच जागी चरा पडलेला असेल, तर विचारायलाच नको.

आत आलेलं पाणी ग्रीसमध्ये घोटलं जातं आणि ग्रीस दुधाळ, करडं होतं. मग बोट अंगणात तीन आठवडे उभी राहते. रोलर जिथे रेसला टेकलेले असतात तिथे पाणी अडकून गंजाच्या बारीक रेघा उमटतात, रोलरांमधलं अंतर मोजून काढल्यासारख्या. पुढच्या फेरीत प्रत्येक रोलर त्या खडबडीत रेघांवरून जातो, पृष्ठभागाचे कण सुटतात, ते कण ग्रीसमध्ये मिसळून बाकीचं घासतात. उष्णता वाढते, ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं, आणि कोरडं बेअरिंग पुढच्या काही मैलांत संपतं.

म्हणूनच ‘माझा ट्रेलर वर्षाला तीनशे मैलसुद्धा चालत नाही’ या हिशेबावर विसंबू नये. एक्सल बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीच्या पुस्तिकेत बेअरिंग उघडून नव्या ग्रीसने भरण्याची मुदत १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल ते, अशी दिलेली आहे. बोटीच्या ट्रेलरला मैलांचा आकडा जवळजवळ कधीच लागू होत नाही. बारा महिन्यांचाच होतो. खाऱ्या पाण्यात उतरत असाल, चेसापीक बे किंवा फ्लोरिडाचा किनारा, तर हंगामाच्या मध्ये एकदा चाक उचलून तपासावं आणि दर वेळी परतल्यावर हब गोड्या पाण्याने धुवावेत.

हे काम वर्षातून नेमकं कधी करायचं, याबद्दल आमचं मत ठाम आहे. बहुतेक लोक वसंतात, बोट बाहेर काढायच्या आठवड्यात करतात. करावं शरद ऋतूत, बोट झाकून ठेवण्यापूर्वी. मिनेसोटा-मिशिगनसारख्या राज्यांत ट्रेलर पाच-सहा महिने एका जागी उभा असतो. हबात पाणी राहिलं असेल तर गंज चढायचा तो याच महिन्यांत. एप्रिलमध्ये नवं ग्रीस भरून तो गंज निघत नाही.

सुटे भाग: आधी नंबर वाचा

एका एक्सलच्या, ३,५०० पाउंड क्षमतेच्या ट्रेलरवर सर्वांत जास्त आढळणारी जोडी अशी: आतलं बेअरिंग एल६८१४९ (आतला व्यास १.३७८ इंच), बाहेरचं एल४४६४९ (१.०६३ इंच). बाहेरच्याची रेस एल४४६१०. आतल्याच्या रेसबाबत मात्र सावध राहा. एल६८१४९ या एकाच बेअरिंगसाठी दोन रेस मिळतात: एल६८१११ आणि एल६८११०. रोलर दोन्हींत नीट बसतात, पण बाहेरचा व्यास वेगळा आहे, पहिलीचा २.३६१ इंच, दुसरीचा २.३२८. कोणती लागणार ते तुमच्या हबाचं भोक ठरवतं. लहान ट्रेलरवर दोन्ही बेअरिंग्ज एल४४६४९ असू शकतात, किंवा एक इंची स्पिंडल असेल तर एल४४६४३. म्हणून दुकानात ‘साडेतीन हजारचा सेट द्या’ असं म्हणू नका. जुना भाग रॉकेलने पुसा, त्याच्या कडेवर कोरलेला नंबर वाचा आणि तोच मागा. सीलवरही नंबर असतो. पुसला गेला असेल तर स्पिंडलवरची सीलची जागा आणि हबाचं मागचं भोक, दोन्ही व्हर्नियर कॅलिपरने मोजा.

बेअरिंग आणि रेस नेहमी एकत्रच बदलायची. जुन्या रेसवर नवं बेअरिंग बसवलं की वाचवलेले पाच-सात डॉलर पहिल्या लांबच्या फेरीतच जातात. टिमकेन, कोयो, एनटीएन यांची बेअरिंग्ज बिनानावाच्या खोक्यातल्यापेक्षा महाग पडतात, पण हायवेवर ओढायचं असेल तर तीच घ्यावीत. सील दुहेरी ओठाचं, आत स्प्रिंग असलेलं घ्या. सील आणि कॉटर पिन दर वेळी नवीन.

ग्रीस एनएलजीआय २ घट्टपणाचं, डब्यावर जीसी-एलबी असं (चाकांच्या बेअरिंगसाठीचं) मानांकन असलेलं मरीन ग्रीस. त्याचा पाया, म्हणजे ग्रीसला घट्टपणा देणारा घटक, कोणता ते वाचून लिहून ठेवा: लिथियम कॉम्प्लेक्स, ॲल्युमिनियम कॉम्प्लेक्स, कॅल्शियम सल्फोनेट, काहीही असो. कारण वेगवेगळ्या पायांची ग्रीसं एकमेकांत मिसळली की काही जोड्या पातळ होऊन वाहून जातात. पॉलियुरिया आणि लिथियम यांची गाठ तर घालूच नये. रंगावरून ओळखायला जाऊ नका. निळं-लाल हा फक्त रंग आहे. जुनं कोणतं भरलंय हे ठाऊक नसेल तर शेवटच्या कणापर्यंत धुऊन काढणं हाच मार्ग. १४ औंसांची एक नळी दोन चाकांना साधारण पुरते. तरी दोन आणाव्यात, म्हणजे हात आखडता घ्यावा लागत नाही.

उघडणं

ट्रेलर सपाट जागी, गाडीला जोडलेला, गाडीचा हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून उटी लावलेली. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. जॅक चौकटीखाली लावा. एक्सलच्या मध्यावर लावला तर एक्सल वाकू शकतो. वर उचलल्यावर चौकटीखाली जॅक स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रेलरखाली हात घालायचा नाही.

खोलण्यापूर्वी चाक वरून-खालून धरून हलवा. किंचित खुट्ट चालेल. लटपट चालत नाही. मग हाताने फिरवून कान द्या. चांगल्या बेअरिंगचा आवाज मऊ सरसर असा असतो, खराब झालेल्याचा जात्यासारखा घरघर. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फवारे दिसले तर सील गेलेलं आहे. ब्रेक असतील तर लायनिंगवर ग्रीस पोचलंय का तेही बघा. पोचलं असेल तर ते लायनिंग धुऊन पुन्हा वापरू नये, बदलावं. डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपर सोडवून तारेने वर बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका.

टोपी कडेकडेने ठोकून काढा, कॉटर पिन सरळ करून ओढा, नट आणि वॉशर काढा. हब जरासा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. मग पूर्ण हब काढून उलटा करा, सील उचकटून टाका, आतलं बेअरिंग निघेल. डावी-उजवी, आतली-बाहेरची बेअरिंग्ज वेगळ्या डब्यांत ठेवा. पुन्हा वापरायचं ठरलं तर प्रत्येक बेअरिंग आपल्याच रेसमध्ये जायला हवं.

धुण्यासाठी रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट. पेट्रोल नाही. आणि धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवून सुकवण्याचा मोह टाळा. बिनग्रीसचं, बिनभाराचं बेअरिंग त्या वेगात फुटून रोलर गोळीसारखे उडू शकतात. कापडाने पुसा, हवेत सुकू द्या.

आता उजेडात बघा, घाई न करता. या कामातला खरा निर्णय इथेच होतो. रेसवर नख फिरवा. नखाला काहीही अडलं तर ती रेस गेली. रोलरांच्या अंतराने उमटलेल्या काळ्या-तपकिरी रेघा म्हणजे उभ्या ट्रेलरमधल्या पाण्याचा गंज. त्याच अंतराने चकचकीत दबलेले खळगे दिसले तर ते उभ्या अवस्थेतल्या बारीक हादऱ्यांनी किंवा एखाद्या जोरदार धक्क्याने झालेले असतात. पृष्ठभागाचे खवले निघाले असतील तर पोलाद थकलंय. गवती पिवळा किंवा निळा रंग म्हणजे ते तापलं आणि त्याचा कडकपणा उतरला. यांतलं काहीही दिसलं तर त्या हबातलं सगळं बदलायचं. ‘अजून एक हंगाम निघेल’ असं म्हणून परत बसवू नये.

स्पिंडल विसरू नका. नवं बेअरिंग त्यावर हाताने सरकलं पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. सील जिथे घासतं तिथे नखात अडकणारा चरा असेल तर कितीही भारी सील आणलं तरी पाणी येणारच. तिथे पातळ पोलादी दुरुस्ती बाही (स्लीव्ह) बसवता येते. स्पिंडल निळा पडलाय, खरवडलाय किंवा बारीक झालाय, असं असेल तर एक्सल बदलणं हाच उपाय.

रेस, ग्रीस, सील

जुनी रेस काढताना हबाच्या आतून दिसणाऱ्या खाचांमध्ये पितळी पोगर (ठोकायची दांडी) टेकवून एकदा इकडे, एकदा तिकडे ठोकत यायचं. एकाच बाजूला ठोकलं तर ती तिरकी होऊन अडकते आणि हबाच्या भोकाला ओरखडे काढते. नवी बसवताना रेस ड्रायव्हर उत्तम. तो नसेल तर जुनी रेस एका ठिकाणी कापून, उलटी ठेवून तिच्यावर ठोका. कापलेली असल्याने ती आत अडकून बसत नाही. ठोकण्याचा आवाज बदलून भरीव, घट्ट टण् असा येऊ लागला की रेस तळाला बसली. तरीही टॉर्च मारून खांद्याशी फट राहिली नाही ना ते बघा. फट राहिली तर रेस पुढे रस्त्यावर सरकते आणि नीट लावलेला नट आपोआप ढिला होतो.

ग्रीस भरणं म्हणजे वरून लिंपणं नाही. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत ओढा, दुसऱ्या टोकाने रोलरांच्या मधून ग्रीस शेवेसारखं बाहेर येईपर्यंत. थोडं फिरवा, पुन्हा. पूर्ण चक्कर झाली की वरून रोलरांवर एक थर द्या. पॅकर नावाचं प्लॅस्टिकचं साधन मिळतं, तेही चालतं. पण हाताने भरताना प्रत्येक रोलर बोटाखालून जातो आणि डोळ्यांतून सुटलेली खोट बोटाला कळते. दोन्ही रेसवर आणि हबाच्या पोकळीतही ग्रीस भरा. बोटीच्या ट्रेलरला पोकळी रिकामी ठेवायची नाही, कारण जितकी हवा कमी तितकी वर सांगितलेली ओढ कमी.

आतलं बेअरिंग हबात ठेवा, मग सील. सीलची स्प्रिंगची बाजू आत, ग्रीसकडे. त्यावर सपाट फळी ठेवून चहूकडून सारखं ठोका, कडेशी समतल होईपर्यंत. ओठाला ग्रीसचं बोट फिरवा; कोरडा ओठ पहिल्या मैलातच करपतो. हब स्पिंडलवर चढवताना सरळ धरा. नटाच्या आट्यांवर घासलं गेलेलं सील बसवताना नवं दिसतं, पण गळतं.

नट किती आवळायचा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यासुद्धा मन लावून काम करणाऱ्यांकडून. नट करकचून आवळला की चाक सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे. टेपर बेअरिंगच्या बाबतीत ते उलटं पडतं. रोलर रेसमध्ये रुतून दाबले गेले तर गरम होऊन फुगायला जागाच उरत नाही. मग दाब वाढतो, त्याने उष्णता वाढते, आणि हे चक्र बेअरिंग जळेपर्यंत चालतं.

डेक्स्टरच्या पुस्तिकेतली पद्धत अशी: हब हाताने फिरवत ठेवून नट साधारण ५० फूट-पाउंडांपर्यंत आवळा, म्हणजे सगळं आपापल्या जागी बसतं आणि जादा ग्रीस सरकतं. मग हब न फिरवता नट पूर्ण मोकळा करा. आता नुसत्या बोटांनी, पाना न लावता, टेकेपर्यंत फिरवा. कॉटर पिनचं भोक खाचेशी जुळलं तर पिन घाला. जुळलं नाही तर पहिली खाच येईपर्यंत मागे या, पुढे कधीच नाही. पिन घातल्यावर नट बोटाने किंचित हलला पाहिजे. त्याला फक्त पिनने अडवलेलं असावं. शेवटी हब पुढे-मागे ओढून बघा. अगदी बारीक, कागदाच्या जाडीइतका प्ले (मोकळीक) जाणवला तर तो योग्यच आहे.

निपल असलेल्या चाकांबद्दल

अनेक स्पिंडलांच्या टोकाला ग्रीस निपल असतो आणि स्पिंडलच्या आतून मागच्या बेअरिंगपर्यंत छिद्र असतं. गनने मारलेलं ग्रीस आधी मागच्या बेअरिंगकडे जातं, हब भरत पुढे येतं आणि जुनं ग्रीस पुढून बाहेर पडतं. योजना चांगली आहे. पण चाक उचलून, ते सतत फिरवत, हातगनने सावकाश मारलं तरच. उभ्या चाकात जोराने पंप केलं तर मागचं सील निसटतं आणि ग्रीस ब्रेकमध्ये जातं. हवेवर चालणारी गन इथे वापरूच नये.

बेअरिंग बडी नावाची स्प्रिंगवाली टोपी वेगळी. तिच्यातला पिस्टन आतल्या ग्रीसवर जेमतेम ३ पीएसआय दाब ठेवतो. वरचा हिशेब आठवा: थंड पाण्यात आकसण्याचे २ आणि पाण्याचा पाऊण. तीन पीएसआयमध्ये ही ओढ भागते, आणि सील फुटेल इतका तो दाब नाही. पिस्टनची कड बोटाने दाबल्यावर हलली तर ग्रीस पुरेसं आहे. हलत नसेल तरच भरा आणि पिस्टन बाहेर येऊ लागला की थांबा. एल४४६१० रेस असलेल्या हबाला १९८० हे मॉडेल बसतं. तो आकडा म्हणजे १.९८० इंचांचं भोक.

यांतलं काहीही लावलेलं असो, बाहेरून ग्रीस मारणं म्हणजे सर्व्हिसिंग झालं असं नव्हे. गनमधून गंज दिसत नाही, रेसवरची रेघ दिसत नाही. वर्षातून एकदा हब उघडायचाच.

रस्त्यावर आणि रॅम्पवर

चाक परत लावताना नट चांदणीच्या क्रमाने आवळा. अर्धा इंची स्टडना ९० ते १२० फूट-पाउंड, टॉर्क पान्यानेच. नंतर १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा तपासा. पहिला थांबा दहा मैलांवर घ्याल तेव्हा प्रत्येक हबाला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट ते गरम चालेल. हात ठेववत नसेल तर नाही. पंधरा-वीस डॉलरचं इन्फ्रारेड तापमापक जवळ असेल तर आणखी चांगलं. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: एकाच एक्सलवरचं एक चाक दुसऱ्यापेक्षा ३० अंश फॅरनहाइटने जास्त गरम असेल तर तिथून पुढे जाऊ नका. ते बेअरिंग असेल किंवा घासत राहिलेला ब्रेक, दोन्हीचा शेवट सारखाच.

रॅम्पवर पोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. बोटीचे पट्टे सोडा, ड्रेन प्लग लावा, लाइफ जॅकेट बाहेर काढून हाताशी ठेवा, दिव्यांची वायर गाडीपासून सोडवा. ही कामं तशीही करायची असतात; ती काठावरच, पार्किंगच्या बाजूला करा आणि हबांना वीस मिनिटं निवू द्या. बोट तरंगण्यापुरताच ट्रेलर आत घ्या. हब न बुडवता बोट उतरत असेल तर सोन्याहून पिवळं.

लांबच्या फेरीला गाडीत एक तयार हब ठेवावा: रेस ठोकलेली, दोन्ही बेअरिंग्ज ग्रीसने भरलेली, सील बसवलेलं, सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं. सोबत नट, वॉशर, दोन कॉटर पिना, टोपी, पक्कड, हातोडी, स्पिंडलच्या नटाचा पाना, जॅक, जॅक स्टँड, चिंध्या आणि अंधारासाठी डोक्याचा टॉर्च. रस्त्याच्या कडेला रेस ठोकत बसण्यापेक्षा अख्खा हब बदलायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेही शोल्डरवर नाही. पुढच्या एक्झिटपर्यंत सावकाश जाता येत असेल तर तिथे, नाहीतर टो ट्रक. बेअरिंगचा चुरा झाला असेल तर एक फूटही पुढे जायचं नाही, कारण त्यानंतर स्पिंडल कापला जातो आणि जवळचा तयार हब बसवायला काही उरत नाही.